थांबण्याचं वेळापत्रक

टोकियो डिस्नीसीमधली ‘सोअरिंग’ ही राइड पाचेक मिनिटांत संपते. गर्दीच्या दिवशी त्या पाच मिनिटांसाठी दोन तास, कधी त्याहूनही जास्त वेळ रांगेत जातो. पार्क साधारण सकाळी ९ ते रात्री ९ उघडं असतं. बारा तासांतून जेवणं, स्वच्छतागृहं, चालणं आणि एक परेड वजा केली की सात-आठ तास उरतात. त्यात दोन-दोन तासांच्या तीन रांगा लावल्या की दिवस संपला, आणि प्रत्यक्ष राइडवर बसणं झालं जेमतेम पंधरा मिनिटं.

म्हणून अशा ठिकाणी घरच्यांना घेऊन जाताना आधी राइडची यादी करण्यात फारसा अर्थ नाही, असं माझं ठाम मत आहे. आधी ठरवायचं ते थांबण्याचं: कोण कुठे थांबणार, किती वेळ, कशावर बसून आणि पोटात काय घालून. आजी किती चालू शकते आणि धाकट्याची उंची किती, या दोन गोष्टींवर दिवसाचा आराखडा उभा राहतो. बाकी सगळं त्या दोघांच्या बेतानं. टोकियोजवळच्या डिस्नीलँड आणि डिस्नीसी या जोड पार्कांच्या बाबतीत हा हिशेब फार नेमका मांडता येतो, कारण तिथे जवळजवळ प्रत्येक गोष्टीला नियम आहे आणि तो पाळला जातो.

तारीख ठरवताना आपल्या शाळेच्या सुट्टीशेजारी जपानी शाळांच्या सुट्ट्या मांडून बघाव्या लागतात. परीक्षा संपल्या की लगेच निघायचा आपला बेत नेमका २९ एप्रिल ते ५ मेच्या ‘गोल्डन वीक’वर जाऊन आदळतो. त्या दिवसांत अख्खं जपान फिरायला निघालेलं असतं. हॉटेलं महाग, गाड्या भरलेल्या, पार्कात पाय ठेवायला जागा नाही. दहा-बारा दिवस उशिरा निघालं तर मेच्या मध्यावर हवा सुखाची असते आणि जूनचा पाऊसही अजून लांब असतो. मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा म्हणजे तिथल्या शाळांची वसंताची सुट्टी, ऑगस्टच्या मध्यावर ओबोन, म्हणजे पूर्वजांच्या स्मरणाचा सण. हे बहुतेकांना माहीत असतं. कमी माहीत असतात ते प्रांतांचे स्थापनादिन. पार्क चिबा प्रांतात आहे. १५ जूनला चिबाचा दिवस, त्या दिवशी तिथल्या बऱ्याच शाळा बंद. १ ऑक्टोबर टोकियोचा, आणि १४ नोव्हेंबर शेजारच्या सैतामाचा. आपल्याकडे बालदिन आणि बहुतेक वर्षी दिवाळीच्या सुट्टीच्या आसपासचा तो दिवस, तिकडे हजारो शाळकरी मुलं पार्कात. शिवाय ३ आणि २३ नोव्हेंबर या राष्ट्रीय सुट्ट्या. त्या सगळ्या टाळून मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार निवडावा.

गर्दीचा अंदाज घ्यायचा एक सोपा उपाय पार्कानंच देऊन ठेवला आहे. तिकिटाचा दर रोज सारखा नसतो. ऑक्टोबर २०२३ पासून मोठ्या माणसाचं एका दिवसाचं तिकीट ७,९०० ते १०,९०० येनांच्या दरम्यान आहे. १२ ते १७ वर्षांच्या मुलांचं ६,६०० ते ९,०००, आणि ४ ते ११ वर्षांच्यांचं ४,७०० ते ५,६००. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही. दराच्या कॅलेंडरवर ज्या दिवशी सगळ्यात चढा आकडा आहे, त्या दिवशी सगळ्यात जास्त माणसं येणार असं चालवणाऱ्यांचंच म्हणणं आहे. स्वस्त दिवस निवडला की पैसे तर वाचतातच, पण त्याहून मोलाचे दोन-तीन तास वाचतात. चार जणांच्या घराला ही दुहेरी बचत सोडवत नाही.

तिकीट एका पार्काचं आणि एका तारखेचं असतं. सकाळी डिस्नीलँड आणि संध्याकाळी डिस्नीसी असा बेत त्या तिकिटावर होत नाही, आणि होत असता तरी करू नये. दोनपैकी एकच निवडायचं असेल तर सात वर्षांखालची मुलं असलेल्यांनी डिस्नीलँड घ्यावं. मुलं दहाच्या पुढची असतील तर डिस्नीसी. डिस्नीसीत चढ-उतार आणि पूल जास्त आहेत, व्हीलचेअर किंवा बाबागाडी ढकलणाऱ्याला ते जाणवतं. पण पाण्याच्या काठानं नुसतं बसून बघण्यासारखं तिथे पुष्कळ आहे.

तिकिटं साधारण दोन महिने आधी विक्रीला येतात आणि ती ऑनलाइनच घ्यायची असतात. इथे आपल्याकडच्या कार्डांची पहिली परीक्षा होते. कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते सुरू करावे लागतात आणि मर्यादाही वाढवावी लागते. एक कार्ड चाललं नाही तर दुसरं, तेही वेगळ्या बँकेचं, हाताशी असावं. तरीही जमलं नाही तर अधिकृत विक्रेत्यांकडून तिकीट घेता येतं. दुसरी परीक्षा प्रत्यक्ष पार्कात होते आणि ती बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. आत गेल्यावर जलद प्रवेशाचे पास फोनवरून कार्डानं विकत घ्यायचे असतात, आणि ओटीपी येतो भारतातल्या नंबरवर. जपानचं डेटा सिम घालून आपलं सिम पाकिटात ठेवून दिलं असेल तर ओटीपी येणार कुठून? म्हणून ज्या फोनवर बँकेचे संदेश येतात त्यात भारतीय सिम चालू ठेवावं, एसएमएसपुरतं रोमिंग सुरू करून घ्यावं, आणि डेटासाठी ई-सिम वापरावं. पार्काचं अ‍ॅप निघण्यापूर्वीच घेऊन त्यात खातं उघडावं, कार्ड नोंदवावं, आणि घरातल्या सगळ्यांची तिकिटं त्या एकाच खात्यात एका गटात आणून ठेवावीत. फाटकात उभं राहून हे करायला घेतलं की पहिला अर्धा तास त्यातच जातो.

विमानातून उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी पार्क ठेवू नये. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. तिथे सकाळी ७ ला निघायचं म्हणजे मुलांच्या शरीराच्या दृष्टीनं पहाटेचे साडेतीन. झोप मोडलेलं मूल अकरा वाजेपर्यंत उत्साहात असतं आणि त्यानंतर कशालाच तयार नसतं. तिसरा किंवा चौथा दिवस बरा. शिवाय पावसाचा अंदाज बघून एखादा दिवस मागेपुढे करायला जागा राहते; तारीख उलटण्याआधी आणि तिकिटं शिल्लक असतील तर दुसरी तारीख घेता येते, दरात फरक असेल तो भरावा लागतो. पैसे परत मात्र मिळत नाहीत.

राहायचं कुठे, याचं उत्तर मराठी घरांसाठी तरी मला निशी-कासाई वाटतं. पार्कालगतची हॉटेलं सुरेख आहेत आणि तिथे राहणाऱ्यांना काही हॉटेलांमधून पंधरा मिनिटं आधी आत सोडतात, पण त्यांचे दर सगळ्यांना झेपणारे नाहीत. निशी-कासाई हा टोकियोच्या एदोगावा भागातला, भारतीय वस्तीसाठी ओळखला जाणारा परिसर. आयटीतल्या नोकऱ्यांनिमित्त आलेली कितीतरी मराठी कुटुंबं तिथे आसपास राहतात. २०१९ मध्ये भारतीय वंशाचे योगेंद्र पुराणिक याच एदोगावाच्या स्थानिक सभागृहावर निवडून आले होते. तिथे डाळ-तांदूळ मिळतो, शाकाहारी जेवण मिळतं, आणि पार्क खाडीपलीकडे, अगदी जवळ आहे. तोझाई या मेट्रो मार्गावरच्या पुढच्याच कासाई स्थानकावरून पार्काची थेट बस आहे. टोकियो स्टेशनमार्गे जाण्यापेक्षा म्हाताऱ्या माणसांना हे फार सोपं पडतं. टोकियो स्टेशनात पार्काकडे जाणाऱ्या केईयो रेल्वेमार्गाचे फलाट बाकी फलाटांपासून खूप लांब आणि जमिनीखाली आहेत. सरकत्या पट्ट्यांवरून चालत जायलाच दहा-पंधरा मिनिटं लागतात. नकाशावर ‘टोकियो ते माइहामा, पंधरा मिनिटं’ असं दिसतं त्यात हे चालणं धरलेलं नसतं. माइहामा या पार्काच्या स्टेशनावर उतरल्यावर डिस्नीलँड चालत काही मिनिटांवर आहे. डिस्नीसी थोडं लांब. तिथवर मोनोरेल जाते, पण तिचं तिकीट वेगळं.

या जागेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तिथला वारा आणि तिथली जमीन समजली की सामान काय घ्यायचं तेही समजतं. पार्क जिथे आहे ते उरायासू हे टोकियोच्या उपसागरावरचं कोळ्यांचं गाव होतं. शिंपले आणि समुद्री शेवाळ यांवर जगणारं. १९५८ मध्ये कागद कारखान्याच्या सांडपाण्यानं तिथलं पाणी काळं पडलं आणि कोळ्यांनी कारखान्यावर धडक दिली. जपानच्या प्रदूषणविरोधी लढ्यांत त्या प्रसंगाचं नाव घेतलं जातं. पुढे साठ-सत्तरच्या दशकांत मच्छीमारांनी आपले हक्क सोडले, समुद्र भरून काढला गेला, आणि त्या भरावावर १५ एप्रिल १९८३ ला डिस्नीलँड सुरू झालं. डिस्नीसी ४ सप्टेंबर २००१ ला. दोन्ही पार्कं ओरिएंटल लँड ही जपानी कंपनी परवान्यावर चालवते. मुंबईच्या भरावांवर वाढलेल्या माणसाला ही कहाणी ओळखीची वाटते, आणि तिथल्या कोळ्यांची आठवण कुठेतरी राहावी असंही वाटतं. भरावाची जमीन उघडी आणि सपाट, वर समुद्राचा वारा. डिसेंबर ते फेब्रुवारीत सूर्य मावळला की पारा दाखवतो त्यापेक्षा कितीतरी जास्त थंडी वाजते. परेडसाठी तासभर जमिनीवर बसणाऱ्याला तर खालूनही गारठा चढतो. कानटोपी, हातमोजे आणि बसायला जाड पट्टी लागतेच. जोराचा वारा असला की आतिषबाजी रद्द होते, आणि ती तशी अनेकदा होते. मुलांना आधीपासून तिचं वचन देऊ नये. केईयो मार्गाच्या गाड्याही वाऱ्यानं रखडतात. जुलै-ऑगस्टचा त्रास उलटा: ३५ अंश, कोकणासारखा दमटपणा, आणि सावली थोडी. आजी-आजोबांना त्या दोन महिन्यांत नेऊ नये.

आता फाटक. जाहीर वेळ ९ ची असली तरी गर्दीच्या दिवशी त्याआधीच आत सोडायला लागतात. सामानाची तपासणी असते, तिची वेगळी रांग. सगळे मार्गदर्शक सात वाजता हजर राहा म्हणतात. तरुण जोडप्यांना ते ठीक. घरात सत्तरीची आजी आणि पाच वर्षांचं मूल असेल तर उघड्यावर दोन तास उभं राहून दिवसाची सुरुवात करणं हा माझ्या मते चुकीचा सौदा आहे. आठ-सव्वाआठला पोचावं, आत गेल्याबरोबर एक पास विकत घ्यावा, आणि पहिल्या तासात रांग छोटी असताना एकच मोठी राइड करून टाकावी. त्याहून जास्त सकाळकडून मागू नये.

पासांचे दोन प्रकार. प्रीमियर अ‍ॅक्सेस पैसे देऊन: एका राइडला माणशी साधारण १,५०० ते २,५०० येन. प्रायॉरिटी पास फुकट, पण तो थोड्याच राइडना, आणि त्यांची यादी बदलत राहते. दोन्हींत फोनवर वेळ ठरवून मिळते. त्या वेळी जायचं, छोट्या रांगेतून आत. नियम लक्षात ठेवायचा तो हा, की तिकीट त्या दिवशी फाटकावर स्कॅन झाल्याशिवाय त्या माणसासाठी पास घेता येत नाही. बाबा आणि मोठी मुलगी पुढे गेली, आई धाकट्याला घेऊन दहाला येणार, असा बेत असेल तर आई आत येईपर्यंत तिचा पास निघणार नाही. एक पास घेतला की दुसरा लगेच मिळत नाही; ठरावीक वेळ जावा लागतो, म्हणून पहिला जितका लवकर तितका पुढचा लवकर. मागणी असलेले पास दुपारपर्यंत संपूनही जातात. ६ जून २०२४ ला डिस्नीसीत उघडलेल्या ‘फँटसी स्प्रिंग्ज’ या नव्या भागात तर हे फार जाणवतं.

सगळ्यांसाठी सगळे पास घेऊ नयेत. चौघांना दोन-दोन म्हटले तरी बारा ते वीस हजार येन झाले. एवढ्यात एका चांगल्या हॉटेलातली रात्र निघते. माझा साधा नियम: ज्या राइडवर अख्खं घर एकत्र बसू शकतं तिच्यासाठी पैसे मोजावेत. जिथे दोघंच जाणार तिथे ती दोघं रांगेत उभी राहिली तरी चालतं, बाकीच्यांना तेवढीच विश्रांती. कार्यक्रमांच्या जागांसाठी सोडतही असते, अ‍ॅपवरच. प्रत्येक कार्यक्रमाला दिवसातून एकदाच नशीब आजमावता येतं, आणि गटातले सगळे आत असायला हवेत. लागली तर उत्तम, नाही तर पुढे.

फोनची बॅटरी दुपारी दोनलाच संपते. नकाशा, पास, फोटो, पैसे सगळं त्याच फोनवर. किमान १०,००० एमएएचची पॉवर बँक, ती विमानात हातातल्या बॅगेत.

उंचीकडे येऊ. बिग थंडर माउंटन, टॉवर ऑफ टेरर आणि सोअरिंग यांना १०२ सेंटिमीटर लागतात. स्प्लॅश माउंटनला ९०. डिस्नीसीतल्या रेजिंग स्पिरिट्सला ११७, आणि तिथे वरचीही मर्यादा आहे: १९५. मापकाठी रांगेच्या तोंडाशीच असते. मुलाला तिच्याखाली उभं करतात, पाठ ताठ, टाचा जमिनीवर. काठीला डोकं लागलं तर आत. बोटभर फट राहिली तर नाही. ‘एवढ्यानं काय होतंय, आम्ही धरून बसतो’ याला तिथे उत्तर म्हणून नम्र हसू येतं आणि नकार कायम राहतो. तो बरोबरच आहे. सुरक्षेचा दांडा ज्या मापाच्या शरीरासाठी केला आहे, त्याहून लहान शरीर त्यातून निसटू शकतं. म्हणून निघण्याआधी घरी भिंतीला टेकवून, बूट काढून, मूल मोजावं. १०१ भरलं तर त्याला आधीच सांगावं की १०२ किंवा त्याहून जास्त लागणाऱ्या राइड तुझ्या नाहीत, आणि त्याच्या राइड कोणत्या ते दाखवावं. रांगेच्या तोंडाशी, दादा आत जात असताना, पहिल्यांदा कळलं की जे रडणं सुरू होतं ते दिवसभर पुरतं.

उंची न भरणारं मूल असलं तरी आई-बाबांना आळीपाळीनं जाता येतं. रांगेच्या सुरुवातीलाच कर्मचाऱ्याला सांगायचं. एक जण राइड करून येतो, दुसरा मुलापाशी थांबतो, आणि मग दुसऱ्याला नव्यानं पूर्ण रांग लावावी लागत नाही. ही सोय आपणहून कुणी सांगायला येत नाही, विचारावं लागतं. भाषेची अडचण नको म्हणून मुलाकडे, स्वतःकडे आणि जोडीदाराकडे बोट दाखवलं तरी भागतं, इतकी ही विनंती तिथे नेहमीची आहे.

आजीसाठीही अशीच सोय आहे, आणि ती तर आपल्या लोकांना जवळजवळ ठाऊकच नसते. वयामुळे, आजारानं, दुखापतीनं किंवा गरोदरपणामुळे रांगेत उभं राहता येत नसेल, तर त्या माणसानं बाहेर बसायचं, बाकीच्यांनी रांग लावायची, आणि राइडच्या जवळ पोचल्यावर तो माणूस त्यांना येऊन मिळतो. त्यासाठी आधी कर्मचाऱ्याशी बोलावं लागतं आणि कुठे भेटायचं ते पक्कं करावं लागतं. रांग कुणाचीच चुकत नाही, वेळ तेवढाच लागतो. फक्त गुडघे वाचतात. व्हीलचेअर दाराशी भाड्यानं मिळते. ‘मी काय पांगळी आहे?’ असं म्हणणाऱ्या आजीलाही दुपारनंतर ती हवी असते, म्हणून सकाळीच घ्यावी आणि तिच्यावर तोवर पिशव्या ठेवाव्यात. दिवसाकाठी पंधरा-वीस हजार पावलं सहज होतात. चपला नकोत, नवे बूटही नकोत.

बसून करण्यासारखं बरंच आहे, ते दुपारी १ ते ४ साठी राखून ठेवावं. डिस्नीलँडमध्ये मार्क ट्वेन नावाची चाकाची मोठी बोट, वेस्टर्न रिव्हर रेलरोडची वाफेची गाडी, अस्वलांचं गाणाऱ्या बाहुल्यांचं थिएटर. डिस्नीसीत बंदराबंदरांतून फिरणारी ट्रान्झिट स्टीमर, अमेरिकन वॉटरफ्रंटपासून पोर्ट डिस्कव्हरीपर्यंत वरून धावणारी इलेक्ट्रिक रेल्वे, आणि गोंडोला. लहान मुलं, ऊन किंवा पाऊस असं काहीही असेल तर मर्मेड लगूनमध्ये शिरावं: तो बराचसा भाग छताखाली आहे, मुलं मोकळी खेळतात आणि मोठ्यांना टेकता येतं. बेबी सेंटरं दोन्ही पार्कांत आहेत. दूध करायला गरम पाणी, बाळाला पाजायला आडोसा, कपडे बदलायला जागा. अर्ध्या दिवसाचा कंटाळा तिथल्या दहा मिनिटांच्या शांततेनं जातो.

जेवणाचं थोडं सविस्तर. जपानमध्ये शाकाहारी माणसाची अडचण दिसणाऱ्या मांसानं होत नाही, न दिसणाऱ्या रश्शानं होते. ‘दाशी’ म्हणजे वाळवलेल्या बोनिटो माशाचं पाणी सूप, सॉस, भाज्या, अंडं सगळ्यांत असतं. करीपासून नूडल्सपर्यंत डुकराचा किंवा कोंबडीचा अर्क घातलेला मसाला. ‘मीट नको’ म्हटलं की वरचे तुकडे काढून तेच ताट पुढे येतं, आणि देणाऱ्याच्या मनात तिळमात्र फसवणूक नसते. म्हणून ‘शाकाहारी’ एवढंच म्हणू नये. मांस, मासे, माशांचं पाणी, मांसाचा अर्क, जिलेटिन, आणि लागू असेल तर अंडं, असं एकेक लिहिलेलं जपानी कार्ड छापून न्यावं आणि तेच दाखवावं. पार्कातल्या उपाहारगृहांकडे घटकांची माहिती असते. कार्ड दाखवलं की कर्मचारी वही काढून ओळ-ओळ तपासतात. त्यात दहा मिनिटं जातात, तेव्हा भूक लागल्यावर नव्हे, त्याआधी अर्धा तास विचारावं. अंडं खाणाऱ्यांचं बरं निभतं. माश्यावर राहणाऱ्या कोकणी-मालवणी घराला काहीच अडचण नाही. जैन किंवा कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी पार्कातल्या जेवणावर विसंबून राहू नये. फळं आणि साधा भात एवढ्यावर पोटभरीचं काही होत नाही.

आणि घरचा डबा? पार्कात बाहेरचं जेवण नेऊन पंगत मांडायला परवानगी नाही. बाळाचं अन्न आणि अ‍ॅलर्जीसारख्या आहारबंधनासाठीचं अन्न यांना सवलत असते. बाकीच्यांसाठी फाटकाबाहेर बसून खायची जागा राखलेली आहे. म्हणून दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गुळाच्या पोळ्या, काय असेल ते पिशवीत घ्यावं. पिशवी स्टेशनाजवळच्या लॉकरात ठेवावी. आणि साडेबाराच्या आसपास बाहेर यावं. त्याच दिवशी परत आत जाता येतं, फक्त बाहेर पडताना पुन्हा यायचं आहे असं सांगून त्यासाठीच्या दारानं निघावं. या जेवणाला एक तास जातो असं वाटतं, पण तो जात नाही. साडेअकरा ते दीड हा आतल्या उपाहारगृहांतल्या रांगांचा वेळ, तेव्हाच आपण बाहेर सावलीत बसलेले असतो. आत जेवायचंच असेल तर साडेदहा किंवा अडीच. काही ठिकाणी अ‍ॅपवरून आधी पदार्थ मागवता येतो. बसून खायच्या मोठ्या ठिकाणांची जागा महिनाभर आधी जपानी सकाळी १० ला, म्हणजे आपल्या साडेसहाला खुली होते.

भारतातून काय नेऊ नये तेही सांगायला हवं. ताजी फळं, मांसाचे पदार्थ विमानतळावर काढून घेतात. मेमध्ये जाणाऱ्यांनी नातेवाइकांसाठी हापूसची पेटी उचलू नये. कागदपत्रांशिवाय ती आत जात नाही.

परेडची गोष्ट निराळी आहे, आणि मला ती सगळ्यात जपण्यासारखी वाटते. परेडच्या साधारण तासभर आधी रस्त्याच्या कडेला पातळ प्लॅस्टिकची पट्टी अंथरायला परवानगी मिळते. पट्टी आपल्या माणसांपुरतीच. पुढच्या रांगांनी जमिनीवर बसायचं, मागच्यांनी उभं राहायचं. उजेड कमी झाला की कर्मचारी विजेऱ्या घेऊन फिरतात आणि हातानं खूण करून सगळ्यांना बसवतात. कुणी उठत नाही, मूल खांद्यावर घेत नाही, छत्री उघडत नाही. मागच्यालाही दिसलं पाहिजे हे सगळ्यांनी धरलेलं असतं. पट्टीच्या घडीत बूट काढून ओळीनं ठेवलेले, शेजारी गुडघ्यांवर घेतलेली पांघरुणं, मध्ये पॉपकॉर्नचा गळ्यात अडकवायचा डबा, आणि त्यात आळीपाळीनं जाणारे सगळ्या घराचे हात. ज्या आजीला खाली बसता-उठता येत नाही, तिला इथे खाली बसवू नये. व्हीलचेअरवाल्यांसाठी वेगळी जागा असते, किंवा मग मागे कठड्याला टेकून, उंच कट्ट्यावर. तासभर आधी सगळ्यांनी येऊन बसायची गरज नाही. एक मोठा माणूस पट्टीवर थांबतो, बाकीचे स्वच्छतागृहाला जाऊन येतात. मुलांना जाऊन आल्याशिवाय बसवूच नये. पाऊस असेल तर छत्रीपेक्षा अंगावर घालायचा पावसाळी कोट. मोठ्या पावसात परेड रद्द होते किंवा छोटी होते.

मूल हरवलं तर भोंग्यावरून त्याचं नाव पुकारलं जाईल अशी आशा ठेवू नये. तिथे तशी घोषणा करत नाहीत. हरवलेल्या मुलांचं केंद्र असतं आणि कुठलाही कर्मचारी दोन्ही बाजूंनी तिथे जोडून देतो. पण मुलाला जपानी येत नाही, घाबरल्यावर इंग्रजीही येत नाही. मनगटाला पट्टी बांधून तिच्यावर आई-बाबांचा जपानमध्ये चालणारा नंबर लिहावा, सकाळी आत शिरल्यावर मुलाचा त्या दिवसाच्या कपड्यांतला एक फोटो काढावा, आणि ‘हरवलास तर चालत सुटू नको, नावाची पाटी लावलेल्या काका-मावशीला पकड’ हे दोनदा बोलून घ्यावं. आजीलाही तेच. फोन बंद पडला तर भेटायची एक जागा सकाळीच ठरवावी.

भूकंपाचाही विचार करून जावं. ११ मार्च २०११ ला मोठा धक्का बसला तेव्हा दोन्ही पार्कांत सुमारे ७०,००० माणसं होती. आसपासच्या भरावावर वाळू-पाणी उसळलं, गाड्या थांबल्या, हजारो लोकांनी रात्र तिथेच काढली. पार्काखालची जमीन बांधण्याआधी घट्ट केलेली होती, त्यामुळे आतलं नुकसान त्या मानानं थोडं झालं. कर्मचाऱ्यांनी दुकानांतली कापडी खेळणी डोक्यावर धरायला वाटली, खाऊ वाटला. सरावानं अंगात मुरलेली ती तयारी आहे. आपण एवढंच करायचं: ते बसा म्हणाले की बसायचं, बाहेर पळायचं नाही, आणि सकाळी ठरवलेली भेटायची जागा आठवायची. रोजची औषधं लागणाऱ्यांनी एका जास्तीच्या दिवसाची गोळी खिशात ठेवावी.

खरेदी शेवटच्या तासावर टाकू नये. रात्री आठनंतर दाराजवळच्या दुकानांत पैसे द्यायलाच अर्धा तास जातो, तोही मुलं पेंगलेली असताना. दुपारी तीनला घ्यावी आणि लॉकरात टाकावी. निघतानाही एक तर शेवटच्या कार्यक्रमाच्या वीस मिनिटं आधी निघावं, नाही तर सगळे गेल्यावर अर्ध्या तासानं. मधल्या वेळेत माइहामा स्टेशनाचा जिना माणसांनी भरलेला असतो आणि झोपलेलं मूल कडेवर, आजी हाताला अशा अवस्थेत त्यात शिरणं धोक्याचं आहे. कासाईला बसनं जाणाऱ्यांनी शेवटच्या बसची वेळ सकाळी उतरल्याबरोबर थांब्यावरच बघून तिचा फोटो काढून ठेवावा. दुसऱ्या दिवशी दुसरं पार्क ठेवू नये. मधला एक दिवस कपडे धुवायला, उशिरा उठायला आणि निशी-कासाईत वरण-भात खायला मोकळा सोडावा.